जुनं फर्निचर, ललित कला आणि सजावटीची कला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'अँटिक' नेमकं कशाला म्हणायचं?

सर्वसाधारण संकेत शंभर वर्षांचा आहे. तो कायद्यातून, त्यातही जकातीच्या कायद्यातून रूढ झाला. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यात १८३० पूर्वी बनलेल्या वस्तूलाच अँटिक मानून करमाफी मिळत होती. कारण त्या सुमारास यंत्रांनी कारागिराच्या हाताची जागा घ्यायला सुरुवात केली, असं मानलं जाई. १९६६ मध्ये ही ठरावीक तारीख काढून टाकली आणि 'शंभर वर्षांहून जुनी' असा सरकता नियम आला. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यातही बहुतेक वस्तूंसाठी शंभर वर्षांचीच अट आहे. 'व्हिंटेज' या शब्दाला मात्र अशी कायदेशीर चौकट नाही. शंभरीच्या आतलं, पण आपल्या काळाची ओळख सांगणारं ते व्हिंटेज, असं व्यापारी आणि संग्राहक ढोबळमानाने धरून चालतात.

वय आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोनशे वर्षांपूर्वीही घाईत, स्वस्त लाकडात, ओबडधोबड सामान बनत होतं आणि त्यातलं बरंच टिकलंही आहे. शंभर वर्षं पूर्ण झाली म्हणून असं कपाट सुंदर ठरत नाही.

ललित कला आणि सजावटीची कला यांत फरक काय?

पाठ्यपुस्तकातलं उत्तर असं : केवळ पाहण्यासाठी, अनुभवण्यासाठी निर्माण होते ती ललित कला, म्हणजे चित्र आणि शिल्प. ज्या वस्तूला काही उपयोग आहे आणि जी सुंदरही आहे ती सजावटीची किंवा उपयोजित कला. फर्निचर, गालिचे, चिनी मातीची भांडी, चांदीकाम, काचकाम, विणकाम हे सगळं त्यात येतं.

हे उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. ही विभागणी निसर्गाने केलेली नाही. ती युरोपात, साधारण तीनशे वर्षांच्या काळात, माणसांनी घडवली आणि त्यामागे सामाजिक प्रतिष्ठेचा झगडा होता.

मध्ययुगाच्या अखेरीस फ्लॉरेन्सचे चित्रकार वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघाचे सभासद असत, कारण रंगद्रव्यं त्याच दुकानांतून मिळत. दगडात काम करणारे शिल्पकार गवंड्यांच्या संघात असत. पेटारा रंगवणं, मिरवणुकीचं निशाण रंगवणं आणि वेदीमागचं चित्र काढणं ही एकाच कार्यशाळेची कामं होती. मग चित्रकारांनी हळूहळू दावा मांडला की आमचं काम हाताचं कमी आणि बुद्धीचं जास्त आहे. १५६३ मध्ये चित्रकार जॉर्जो वझारी यांच्या पुढाकाराने फ्लॉरेन्समध्ये रेखनकलेची अकादमी उभी राहिली. १६४८ मध्ये पॅरिसला चित्र-शिल्पकलेची राजेशाही अकादमी स्थापन झाली आणि कलावंत कारागीर संघांच्या पकडीतून सुटले. १७४६ मध्ये शार्ल बात्यो या फ्रेंच लेखकाने चित्र, शिल्प, संगीत, काव्य आणि नृत्य यांची 'ललित कला' म्हणून एकत्र मोट बांधली. वास्तुकला उपयोगाचीही असल्यामुळे तिला त्याने वेगळ्या गटात ठेवलं. लंडनची रॉयल अकादमी १७६८ ची. तिच्या प्रदर्शनांत भरतकाम, कृत्रिम फुलं, कागदकाम, शिंपल्यांचं काम घेऊ नये असा नियम सुरुवातीच्या काळातच झाला. घराघरांत बायका ज्या माध्यमांत काम करत होत्या, ती माध्यमं एका नियमाने 'कले'च्या बाहेर गेली.

मला हा नियम महत्त्वाचा वाटतो. ललित आणि सजावटी ही वर्गवारी ऐकली की ती कुणी, कधी आणि कुणाला बाहेर ठेवून केली हे विचारावं. आजही संग्रहालयांचे विभाग, लिलावांचे दिवस आणि विम्याचे तक्ते याच वर्गवारीवर चालतात, म्हणून ती माहीत असायलाच हवी. पण ती वस्तूची जात सांगते, गुणवत्ता सांगत नाही.

मग एखादी उपयोगाची वस्तू श्रेष्ठ कलाकृती असू शकते का?

निःसंशय. बेनवेनुतो चेलिनीने १५४० ते १५४३ च्या दरम्यान फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिस राजासाठी सोन्याचं एक पात्र घडवलं. ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. समुद्राची देवता आणि पृथ्वीची देवता समोरासमोर बसलेल्या आहेत, एकीजवळ मीठ ठेवायची होडी आणि दुसरीजवळ मिरी ठेवायचं छोटं मंदिर. उपयोगाने ते मिठाचं भांडं आहे. शिल्प म्हणून पाहिलं तर त्या शतकातल्या मोजक्या उत्कृष्ट कामांत त्याची गणना होते.

याच्या उलटही घडतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं बोतिचेल्लीचं व्हीनस आणि मार्स यांचं चित्र लांबट, आडवं आहे. ते शयनगृहातल्या लाकडी सामानाचा किंवा भिंतीच्या लाकडी आच्छादनाचा भाग म्हणून रंगवलं गेलं असावं, असं अभ्यासक मानतात. लाकडापासून सुटं होऊन भिंतीवर चढलं आणि आपण त्याला ललित कला म्हणू लागलो. रंगवलेली फळी तीच आहे.

युरोपाबाहेर तर ही उतरंड लागूच पडत नाही. जपानमध्ये चहाविधीत वापरलेला 'किझाएमोन' नावाचा वाडगा राष्ट्रीय ठेवा आहे. तो सोळाव्या शतकातल्या कोरियन कुंभाराने रोजच्या वापरासाठी केलेला होता. त्याचा काठ जरा वाकडा आहे, झिलई तडकलेली आहे. त्या वाडग्याला जपानी रसिकांनी शतकानुशतकं जे स्थान दिलं, ते युरोपात फक्त चित्रांना मिळत होतं.

फर्निचरमधलं माझं आवडतं उदाहरण म्हणजे फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यातलं, पंधराव्या लुई राजाचं लिहिण्याचं मेज. ते जाँ-फ्रान्स्वा ओबेनने १७६० मध्ये सुरू केलं आणि त्याच्या मृत्यूनंतर जाँ-आँरी रिझेनेरने १७६९ मध्ये पूर्ण केलं. गोलाकार सरकतं झाकण, एका किल्लीने उघडणारी यंत्रणा, लाकडाच्या रंगीत तुकड्यांची चित्रं, कांस्यकाम, घड्याळ. सुतार, जडावकाम करणारा, ओतारी, मुलामा चढवणारा आणि घड्याळजी अशा अनेक हातांचं ते काम आहे. ललित कलेला एकट्या प्रतिभावंताची गोष्ट लागते. इथे तशी गोष्ट सांगता येत नाही, आणि म्हणूनच अशा वस्तू कलेच्या इतिहासात अनेकदा मागे पडल्या.

संग्रहाची सुरुवात कशापासून करावी?

डोळ्यांपासून. खरेदीआधी काही महिने फक्त पाहण्यात घालवावेत. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय याच कामासाठी जन्मलं. १८५१ च्या भव्य औद्योगिक प्रदर्शनानंतर, १८५२ मध्ये, कारागिरांची आणि लोकांची अभिरुची सुधारावी म्हणून ते निघालं. त्याचा आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचा संग्रह मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन पाहता येतो, मोजमापं आणि लाकडाच्या नोंदींसकट. पण छायाचित्रात वजन कळत नाही. ते लिलावाआधीच्या प्रदर्शनात कळतं. तिथे परवानगी घेऊन खण बाहेर काढता येतो, खुर्ची उलटी करता येते. विकत काहीच न घेता अशा प्रदर्शनांना जाणं हे या छंदातलं सगळ्यात चांगलं शिक्षण आहे.

पहिली वस्तू म्हणून मी छोटी पेटी किंवा साधी खुर्ची सुचवेन. पेटीत जोड, बिजागरी, कुलूप, पॉलिश हे सगळं हाताच्या अंतरावर असतं. खुर्चीवर सर्वांत जास्त ताण येतो, त्यामुळे जोडकाम कसं होतं आणि दुरुस्त्या कुठे होतात हे तीच शिकवते. आणि एकच विषय धरावा, मग तो एक काळ असो, एक लाकूड असो किंवा एकच प्रकारची वस्तू. 'जुनं दिसलं की घेतलं' अशा संग्रहाचा दोन वर्षांत ढीग होतो.

वस्तू खरोखर जुनी आहे हे कसं ओळखायचं?

दर्शनी भाग शेवटी पाहायचा. आधी वस्तूचा तळ, पाठ आणि खणाची आतली बाजू. कारागीर समोरच्या भागावर मेहनत घेतो, मागच्या बाजूला त्याच्या हत्यारांच्या खुणा तशाच राहतात. नकली माल करणाराही बहुधा समोरच मेहनत घेतो.

करवतीच्या खुणांपासून सुरुवात करा. हातकरवतीच्या खुणा सरळ असतात, पण त्यांच्यातलं अंतर आणि तिरपेपणा सारखा नसतो. गोल करवतीच्या खुणा धनुष्यासारख्या वळलेल्या असतात. फर्निचरच्या लाकडावर त्या सर्रास दिसतात त्या साधारण १८३० नंतर. म्हणजे अठराव्या शतकातलं म्हणून दाखवलेल्या कपाटाच्या पाठीवर वळलेल्या खुणा दिसल्या तर निदान ती फळी तरी नंतरची आहे. अगदी सरळ आणि समान अंतरावरच्या खुणा पट्टा-करवतीच्या असू शकतात. ती आणखी नंतरची.

मग खणाचे कोपरे पाहा. डव्हटेल जोड, म्हणजे दातांत दात अडकवून केलेला कोपऱ्याचा सांधा, हाताने कापलेला असेल तर त्याचे दात थोडे लहानमोठे असतात आणि आखणीची बारीक रेघ लाकडावर राहिलेली असते. यंत्राने कापलेले दात एकसारखे असतात. हाताने रंधलेल्या फळीच्या खालून बोटं फिरवली तर हलकी लाट जाणवते. यंत्राच्या रंध्याने ती सपाट होते.

स्क्रू आणि खिळे फार बोलके असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या स्क्रूंची टोकं बोथट असतात आणि डोक्यावरची खाच बरेचदा मध्यावर नसते, कारण ती कानशीने केलेली असे. टोकदार स्क्रू १८५० च्या आसपास रूढ झाले. डोक्यावर अधिक चिन्हाची खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकातले. लोहाराने घडवलेल्या खिळ्याचं डोकं ओबडधोबड असतं. पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आणि तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्रास झाले. इथे एक सावधगिरी हवी. एका नव्या स्क्रूने वस्तू खोटी ठरत नाही, कुणीतरी दुरुस्ती केलेली असते. बिजागरी काढून खालची जुनी भोकं पाहिली तर बदल लक्षात येतो.

लाकूड आडव्या दिशेने आकसतं, तंतूंच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून अखंड लाकडाचं जुनं गोल टेबल खरं म्हणजे किंचित अंडाकृती झालेलं असतं. टेप लावा. तंतूंच्या दिशेचा व्यास आणि आडवा व्यास यांत काही मिलिमीटरपासून सेंटिमीटरभर फरक निघावा. खरादलेले पायही याच कारणाने तंतोतंत गोल राहत नाहीत. ही खूण खोटी करणं कठीण आहे.

व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, असेल तर त्याची कड पाहा. हाताने कापलेलं व्हिनिअर दीड-दोन मिलिमीटर जाड आणि थोडं असमान असतं. यंत्राने सोललेलं एक मिलिमीटरहूनही पातळ. खाली प्लायवूड दिसलं तर बहुधा विसाव्या शतकात आलात.

झीज तर्काला धरून हवी. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर पाय टेकून ती झिजते, हातांची टोकं तळव्यांनी गुळगुळीत होतात, खणाच्या खालच्या कडा सरकून सरकून खचतात. जिथे कुणाचा हात, पाय किंवा झाडू कधी पोचणार नाही तिथे झीज दिसली, किंवा सगळीकडे सारखी झीज दिसली, तर ती मुद्दाम केलेली आहे.

शिक्का किंवा सही असेल तर शंका मिटते ना?

मिटत नाही, पण धागा मिळतो. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून १७९१ मध्ये संघ बरखास्त होईपर्यंत फर्निचर करणाऱ्या उस्तादांना आपल्या नावाचा लोखंडी ठसा लाकडात ठोकावा लागे. त्याच्याजवळ संघाच्या तपासणीची खूणही दिसते. तरी राजाच्या नोकरीतले कारागीर या नियमातून मुक्त होते, म्हणून काही सर्वोत्तम कामांवर ठसा नसतो. दुरुस्ती करणाऱ्यानेही आपला ठसा मारलेला आढळतो. आणि ठसा नंतर कधीही ठोकता येतो.

इंग्लंडमध्ये तर अशी सक्तीच नव्हती. थॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये फर्निचरच्या आराखड्यांचा संग्रह छापला आणि तो पाहून कितीतरी गावांतल्या सुतारांनी खुर्च्या केल्या. बाजारात 'चिपेंडेल' म्हणतात ते बहुतेक त्या शैलीचं नाव असतं. त्याच्या कार्यशाळेतून नक्की बाहेर पडलेलं फर्निचर मुख्यतः मोठ्या घराण्यांच्या हिशेबवह्यांतल्या नोंदींवरून ठरतं. चिनी मातीच्या वस्तूंवर तर अजिबात विसंबू नये. माइसेनचा कारखाना १७१० चा आणि त्याच्या दोन आडव्या तलवारींची खूण इतरांनी इतक्यांदा उचलली आहे की नुसती खूण काहीच सिद्ध करत नाही. आधी माती, झिलई आणि रंगकाम, मग खूण.

प्रतिकृती, 'मॅरेज' आणि बनावट यांत काय वेगळं?

हेतू वेगळा. एकोणिसाव्या शतकात जुन्या शैली पुन्हा फॅशनमध्ये आल्या आणि गॉथिक, रोकोको धाटणीचं उत्तम फर्निचर उघडपणे नव्याने बनलं. ते आता स्वतःच शंभरीपलीकडचं आहे आणि त्या नात्याने संग्रहात ठेवण्याजोगं आहे. प्रतिकृती हीदेखील प्रामाणिक वस्तू आहे, विकणारा तसं सांगत असेल तोवर.

'मॅरेज' म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंचे भाग जोडून केलेली तिसरी वस्तू. एका कपाटाचा वरचा भाग, दुसऱ्याचे खालचे खण. दोन्ही जुने, पण एकमेकांचे नाहीत. पाठीमागच्या फळ्यांचा पोत आणि रंग, खणांच्या डव्हटेलची आखणी, व्हिनिअरचे तंतू वर आणि खाली जुळतात का ते पाहावं. वरच्या भागाच्या माथ्यावर विनाकारण सुंदर व्हिनिअर आढळलं, तर तो भाग पूर्वी कशाखाली झाकलेला नव्हता, खालच्या उंचीवर दिसत होता.

बनावट मालात जुनं लाकूड वापरून नवं सामान केलं जातं. इथे किडीची एक खूण कामी येते. लाकूड पोखरणारी अळी आत बोगदे करते आणि तिचा भुंगा होऊन तो बाहेर पडताना पृष्ठभागावर फक्त गोल भोक पाडतो. पृष्ठभागावर भोकांऐवजी उघडे पडलेले लांबट बोगदे दिसले तर कीड लागून गेल्यानंतर ते लाकूड कापलं आहे.

मोठमोठे जाणकारही फसतात. व्हर्साय राजवाड्याने राजघराण्याच्या म्हणून विकत घेतलेल्या काही खुर्च्या अलीकडे केलेल्या नकला असल्याचं २०१६ मध्ये उघडकीला आलं. त्यात जुन्या सांगाड्यांचा वापर होता आणि कारागिरी अव्वल होती. अशा वेळी लाकडाइतकेच कागद तपासावे लागतात : वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, जुन्या यादीत तिचा उल्लेख आहे का, यादीतली मोजमापं जुळतात का, आणि यादीत जितके नग आहेत त्याहून जास्त नग बाजारात तर नाहीत ना.

लिलावाच्या यादीत 'यांचे मानले जाते', 'यांच्या वर्तुळातील' असं का लिहिलेलं असतं?

कारण प्रत्येक शब्दाला जबाबदारीची मर्यादा आहे. नुसतं पूर्ण नाव म्हणजे त्यांच्या मते ते त्या कलावंताचंच काम. 'यांचे मानले जाते' म्हणजे बहुधा त्याचं, पण खात्री एक पायरी कमी. 'यांच्या कार्यशाळेतील' म्हणजे त्याच्या देखरेखीखाली झालेलं. 'यांच्या वर्तुळातील' म्हणजे त्या काळातल्या, जवळच्या पण अनाम हाताचं. 'यांच्या धाटणीत' म्हणजे शैली तशी, काळ नंतरचाही असू शकेल. 'यांच्यावरून' म्हणजे सरळ नक्कल. फर्निचरच्या यादीतही हाच खेळ एका शब्दावर चालतो : 'पंधराव्या लुईच्या काळातील' आणि 'पंधराव्या लुईच्या शैलीतील' यांत शंभर-दीडशे वर्षांचं अंतर असू शकतं. प्रत्येक लिलावगृह या शब्दांचे आपले अर्थ यादीतच छापतं. ते पान आधी वाचावं.

भिंतीवरचं चित्र मूळ आहे की छापील, हे घरी कसं पाहायचं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. एकसारख्या रांगांतले रंगीत ठिपके दिसले तर ती छायाचित्रणाच्या तंत्राने केलेली छपाई आहे. तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या मुद्राचित्रात शाईची रेघ कागदावर किंचित उठलेली लागते आणि कडेने पत्र्याचा दाब उमटलेला असतो. शिळाछापात ठिपके असतात, पण अनियमित, खडूच्या दाण्यासारखे. मुद्राचित्र छापील असूनही मूळ कलाकृती असते, कारण कलावंताने तो पत्रा किंवा दगड छपाईसाठीच घडवला. चित्राच्या पाठीमागचा कॅनव्हास, खिळे, चौकटीवरच्या जुन्या चिठ्ठ्या हे सगळं फर्निचरच्या तळाइतकंच महत्त्वाचं आहे.

जुनं पॉलिश काढून वस्तू नवी करावी का?

नाही. याबाबत मी ठाम आहे. पृष्ठभागावर दशकानुदशकं साचलेलं मेण, हात लागून आलेली चमक, उजेडाने बदललेला रंग, बारीक ओरखडे या सगळ्याला मिळून पॅटिना म्हणतात आणि ती पुन्हा निर्माण करता येत नाही. एका दुपारी पॉलिश पेपर मारून जे जातं ते परत येत नाही. सोबत हत्यारांच्या खुणा जातात, व्हिनिअर असेल तर तेही आरपार घासलं जातं.

साफसफाईला मऊ, कोरडं फडकं पुरतं. वर्षातून एखाद-दोनदा चांगल्या मेणाचा पातळ हात द्यावा. सिलिकॉन असलेले फवारे टाळावेत, पुढच्या दुरुस्तीत त्यांचा फार त्रास होतो. एकोणिसाव्या शतकातलं चकचकीत पॉलिश बहुधा लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून त्यावर स्पिरिटचं फडकं फिरवू नये. पाण्याने किंवा गरम भांड्याने उमटलेले पांढरे डाग अनेकदा फक्त पॉलिशच्या थरात असतात. जाणकाराला ते मूळ थर न काढता बुजवता येतात.

जोड सुटला तर सरसच वापरावा. प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला हा सरस ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे पन्नास वर्षांनी दुसऱ्या कारागिराला तो जोड लाकूड न फोडता उघडता येतो. इपॉक्सी या कृत्रिम गोंदाने केलेला जोड तसा उघडत नाही. जे करू ते पुढे उलटवता आलं पाहिजे, हे जतनशास्त्राचं मूळ तत्त्व आहे.

याचा अर्थ कशालाच हात लावू नये असा नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधला इराणच्या अर्दबिलचा प्रसिद्ध गालिचा १५३९-४० चा. १८९३ मध्ये तो संग्रहालयाने विकत घेण्याआधी त्याच्याच जोडीच्या दुसऱ्या गालिच्याचे भाग वापरून तो दुरुस्त केला गेला होता. त्या दुरुस्तीमुळे एक पूर्ण झाला आणि दुसरा अपुरा राहिला. हा दुसरा आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. ते योग्य होतं का, यावर दोन मतं होऊ शकतात. माझ्या मते आजच्या कुठल्याही संग्राहकाने तसं करू नये.

लाकडात भोकं आहेत, म्हणजे कीड जिवंत आहे का?

भोकं भुंगा बाहेर पडून गेल्याची असतात. फर्निचर पोखरणाऱ्या नेहमीच्या भुंग्याची भोकं दीड-दोन मिलिमीटरची. खाली फिकट, ताजी भुकटी पडत असेल तर काळजी करा. वस्तूखाली काळा कागद ठेवून काही आठवडे पाहा. शंका असेल तर ती वस्तू इतरांपासून वेगळी ठेवा आणि जतनतज्ज्ञाकडून गोठवण्याचा किंवा ऑक्सिजनविरहित बंद वातावरणाचा उपचार करून घ्या. अळी लाकडात कित्येक वर्षं राहू शकते, म्हणून वरून औषध फवारून समाधान मानू नये.

कुठे आणि कसं ठेवायचं?

ओलावा स्थिर ठेवणं हे पहिलं काम. सापेक्ष आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांत असावी. पण आकड्याहून घातक असतो तो अचानक बदल. एसीचा झोत, हीटर, बाहेरची ओली भिंत यांपासून वस्तू दूर हवी. कोरड्या हवेत फळ्या तडकतात, व्हिनिअर सुटतं. दमट हवेत बुरशी येते आणि खण अडकतात.

प्रकाशाने होणारं नुकसान साठत जातं आणि भरून निघत नाही. कापड, जलरंग यांसाठी संग्रहालयं ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आसपास राहतात, तैलचित्रांसाठी २०० पर्यंत. तो अर्दबिलचा गालिचा दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं उजळतात, बाकी वेळ अंधुक ठेवतात. घरी पडदा ओढून घेणं तर शक्य आहे.

मोठ्या नावाची वस्तू घ्यावी का, गुंतवणूक म्हणून?

गुंतवणुकीसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. अभिरुची बदलते. महोगनी-अक्रोडाच्या गडद रंगाच्या फर्निचरला एकेकाळी प्रचंड मागणी होती, ती या शतकाच्या सुरुवातीपासून बरीच ओसरली. फ्लॉरेन्समधल्या ग्रँड ड्यूकच्या कार्यशाळेत १७२६ पासून काही वर्षं खपून केलेलं, रंगीत दगडांच्या जडावकामाचं बॅडमिंटन कॅबिनेट २००४ मध्ये लिलावातलं तोवरचं सर्वांत महाग फर्निचर ठरलं. पण असं शिखर पाहून साध्या कपाटाच्या किमतीचा अंदाज बांधता येत नाही.

मागणी ओसरल्याचा फायदा मात्र जो वापरण्यासाठी, शिकण्यासाठी घेतो त्याला आहे. आणि साधेपणाला कमी लेखू नये. मिखाएल थोनेटची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ ची : वाफेने वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. एका घनमीटर खोक्यात सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या मावत. कोट्यवधींनी बनलेली ही खुर्ची न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने जपली आहे, आणि त्या घराण्यातल्या जुन्या, चांगल्या खुर्च्या अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्यात मिळतात.

कायद्याची काही अडचण येते का?

येते, विशेषतः सीमा ओलांडताना. हस्तिदंत, कासवाची पाठ आणि काही शिसवी जाती संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे साइट्समध्ये येतात. ब्राझिलियन शिसव १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०१८ चा, अंमल २०२२ पासून. जुन्या वस्तूला सवलत असली तरी वय सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. पुरातत्त्वीय किंवा धार्मिक स्थळांतून आलेल्या वस्तूंबाबत १९७० च्या युनेस्को कराराच्या तारखेकडे लक्ष ठेवावं. त्यापूर्वीपासूनचा कागदोपत्री मागोवा नसेल तर प्रतिष्ठित संग्रहालयं हात लावत नाहीत. खासगी संग्राहकानेही लावू नये. देवळाच्या चौकटीतून उखडलेलं शिल्प कितीही सुंदर असलं तरी ते कुणाचं तरी हिरावलेलं असतं.

जुनं फर्निचर वापरावं का, की नुसतं पाहावं?

सांधे मजबूत असतील तर जरूर वापरावं. खुर्ची पाठीच्या वरच्या पट्टीला धरून ओढू नये, बैठकीखाली धरून उचलावी. टेबल फळीला धरून नव्हे, खालच्या चौकटीला धरून. खण दोन्ही मुठींनी सारखा ओढावा. वेताची वीण सैल किंवा कोरडी झाली असेल तर त्यावर बसणं थांबवावं.

नोंदी कशा ठेवायच्या?

प्रत्येक वस्तूची एक फाइल करा. समोरून, पाठीमागून, तळाची, जोडांची आणि प्रत्येक खुणेची छायाचित्रं. मोजमापं, लाकूड, खरेदीची पावती, विकणाऱ्याने सांगितलेली माहिती जशीच्या तशी आणि ती त्याने सांगितली आहे असा उल्लेख. प्रत्येक दुरुस्ती कोणी, कधी, काय वापरून केली ते लिहा. जुन्या चिठ्ठ्या, खडूचे आकडे, वाहतुकीचे शिक्के कधी पुसू नका. पाठीवरचा एखादा अर्धवट क्रमांकच पुढे त्या वस्तूला जुन्या यादीशी जोडून देतो. नवा क्रमांक द्यायचा असेल तर लाकडावर लिहू नका आणि चिकटपट्टीही लावू नका. आम्लविरहित कागदाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा, आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहा.